गावच्या दवाखान्यात मनाचा इलाज: पैसा कुठून येतो, कुठे अडकतो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, रुग्ण कल्याण समितीचे सदस्य, गटप्रवर्तक, संस्थांचे कार्यकर्ते यांच्याकडून बैठकीनंतरच्या चहाच्या वेळी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्राची व्यवस्था डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. गोव्याचा दाखला बराच येईल, कारण या विषयातलं भारतातलं सगळ्यात भक्कम काम तिथे झालं आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसिक आरोग्यसेवा म्हणजे तिथे मानसोपचारतज्ज्ञ बसवायचा का?

नाही. बसवायचा म्हटलं तरी माणूस कुठून आणणार? देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. संसदीय स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात हा आकडा ०.७५ दिला आहे, आणि त्यातले बहुतेक शहरांत आहेत.

ओपीडीत ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत कुणी येत नाही. ‘झोपच लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘अंग मोडून येतं’, ‘कशात जीव लागत नाही’ असं सांगत येतात. सलाइन मागतात, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन जातात आणि पंधरा दिवसांनी परत येतात. अशा माणसाला दोन प्रश्न जास्तीचे विचारणं, गरज असेल तर साधं औषध सुरू करणं, निवांत बसून बोलणं, चार-सहा आठवडे त्याची विचारपूस करत राहणं आणि गंभीर दिसलं तर वर पाठवणं, एवढीच ही सेवा आहे. पुढचं वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. विचारणं, औषध, बोलणं आणि पाठपुरावा या चार कामांचे पैसे चार वेगळ्या खिशांतून येतात, आणि त्यातला एक खिसा शिवलेलाच नाही.

सरकारचा पैसा कोणत्या वाटेने येतो?

मुख्य वाट जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची, म्हणजे डीएमएचपीची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. तो कागदावरून जमिनीवर कसा उतरवायचा हे कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने करून पाहिलं, आणि त्या धर्तीवर १९९६ साली चार जिल्ह्यांपासून डीएमएचपी सुरू झाला. आज देशातल्या जवळजवळ सगळ्या जिल्ह्यांना तो मंजूर आहे.

या कार्यक्रमातून जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका आणि नोंदी ठेवणारे कर्मचारी असा चमू मिळतो. शिवाय औषधं, प्रशिक्षण, जनजागृती आणि फिरती यांसाठी तरतूद असते. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो.

दुसरी वाट आयुष्मान आरोग्य मंदिरांची. २०१८ साली ‘आरोग्य व निरामयता केंद्र’ म्हणून ती सुरू झाली आणि २०२३ मध्ये नाव बदललं. तिथे द्यायच्या बारा सेवांमध्ये मानसिक, मज्जासंस्थेचे आणि व्यसनाचे आजार धरलेले आहेत. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं मानधन, केंद्राची रंगरंगोटी आणि औषधं याच वाटेने येतात.

तिसरी वाट राज्याच्या स्वतःच्या तिजोरीतून निघते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, नियमित डॉक्टरांचे पगार आणि राज्याने स्वतः सुरू केलेले उपक्रम या पैशावर चालतात. गावच्या केंद्रातल्या समुपदेशनाला यातलं थेट काही येत नाही.

एका जिल्ह्याला किती पैसे मिळतात? ते पुरतात का?

डीएमएचपीसाठी जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२ लाख रुपये, असं केंद्र सरकार लोकसभेतल्या उत्तरांत सांगत आलं आहे. लक्षात घ्या, ही कमाल मर्यादा आहे. मागणी किती केली, मंजूर किती झाले, खर्च किती झाला, हे तीन आकडे प्रत्येक वेळी वेगळे निघतात.

आता भागाकार करा. जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख धरली तर माणशी वर्षाला ३ रुपये ३३ पैसे पडतात. स्टँडवर कटिंगसुद्धा येत नाही त्यात.

वरच्या पातळीवरचं चित्रही बघण्यासारखं आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्याच्या नावाने सुमारे ९१९ कोटी रुपये दिसत होते, म्हणजे आरोग्य खात्याच्या एकूण तरतुदीच्या एक टक्क्याच्या आसपास. त्यातले ७२१ कोटी एकट्या निम्हान्सला आणि १३४ कोटी टेलिमानस या फोनवरच्या सरकारी समुपदेशन सेवेला. निम्हान्स मोठी संस्था आहे, तिला पैसे मिळायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण बंगळुरूतल्या रुग्णालयाचा खर्च आणि तुमच्या तालुक्यातल्या केंद्राचा खर्च एकाच आकड्यात मिसळून ‘मानसिक आरोग्यावर एवढे कोटी’ असं कुणी सांगितलं, तर खालचं काही कळत नाही. डीएमएचपीचा पैसा आरोग्य अभियानाच्या मोठ्या गाठोड्यात असतो. अर्थसंकल्पाच्या त्या ओळीत तो दिसतच नाही.

पैसा जिल्ह्यात येतो म्हणता, मग आमच्या केंद्रापर्यंत का पोचत नाही?

या प्रश्नाला लांब उत्तर द्यावं लागेल, कारण आमच्या मते सगळ्यात मोठी गाठ इथेच आहे.

महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची. त्यांचे साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी, म्हणजे डीएचओ. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांच्या, म्हणजे सिव्हिल सर्जनच्या अखत्यारीत येतात. डीएमएचपीचा चमू जिल्हा रुग्णालयात बसतो. म्हणजे पैसा आणि माणसं एका साहेबांकडे, आणि ज्या केंद्रात सेवा रुजवायची ते दुसऱ्या साहेबांकडे. दोघांच्या इमारती कधी कधी शेजारी असतात, पण कागद फिरून यायला महिने लागतात.

यातून घडतं असं. चमू महिन्यातून ठरल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा एखाद्या केंद्रात येतो, रुग्ण तपासतो, गोळ्या देतो आणि गाडीत बसून जातो. केंद्राचे वैद्यकीय अधिकारी त्या दिवशी लसीकरणात किंवा बैठकीत असतात. कार्यक्रमाचा अहवाल भरला जातो, भेटींची संख्या दिसते, पण केंद्राच्या रोजच्या ओपीडीत काहीच बदलत नाही. एका छपराखाली दोन दुकानं चालावीत तसा हा प्रकार आहे. त्याला ‘एकात्म सेवा’ म्हणायला आमचं मन धजावत नाही.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. जिल्ह्याचा आराखडा आधी बनतो, तो राज्याच्या वार्षिक अंमलबजावणी आराखड्यात, म्हणजे पीआयपीत जातो, दिल्लीहून मंजुरीचा कागद, म्हणजे आरओपी, येतो. त्यानंतर केंद्राचा हप्ता राज्याच्या तिजोरीत, तिथून राज्य आरोग्य सोसायटीच्या खात्यात, आणि मग जिल्ह्याला खर्चाची मर्यादा मिळते. अलीकडे दोन वर्षांचे आराखडे एकदम होऊ लागले आहेत, तेवढा दिलासा आहे. तरी बऱ्याच ठिकाणी खरा खर्च दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्चमध्ये धावपळ उडते. मार्चमध्ये घाईघाईत करता येतील अशा गोष्टी म्हणजे बॅनर, पत्रकं, कार्यशाळा आणि जेवण. समुपदेशन मार्चमध्ये उरकता येत नाही.

तिसरी अडचण रिकाम्या पदांची. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आणि त्या मानधनावर आडजिल्ह्यात यायला मानसोपचारतज्ज्ञ तयार होत नाहीत. पद रिकामं राहिलं की त्या ओळीतला पैसा अखर्चित दाखवला जातो. पुढच्या वर्षी ‘गेल्या वर्षीचेच खर्च झाले नाहीत’ म्हणून मागणीला कात्री लागते. गरज आहे म्हणून मागितलेला पैसा, माणूस मिळाला नाही म्हणून, गरज नसल्यासारखा परत जातो.

कशासाठी पैसा अजिबात मिळत नाही?

वेळेसाठी. वर ज्या न शिवलेल्या खिशाचा उल्लेख केला, तो हा.

औषधाला लेखाशीर्ष (खर्चाचं ठरलेलं खातं) आहे, प्रशिक्षणाला आहे, शिबिराला आहे, भिंतीवर रंगवायच्या घोषणेलाही आहे. खुर्ची ओढून अर्धा तास एखाद्याचं ऐकून घ्यायला प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणाचंही पद नाही. डॉक्टरांपुढे सकाळच्या ओपीडीत रांग असते, शिवाय शवविच्छेदन, प्रसूती, व्हिडिओवरच्या बैठका आणि पोर्टलवरच्या नोंदी. त्यांना तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन ‘आता समुपदेशन करा’ म्हणणं हा निव्वळ अप्रामाणिकपणा आहे.

एक ढोबळ हिशेब मांडू. सपाट भागात एक केंद्र ३० हजार लोकसंख्येला असतं. त्यात प्रौढ साधारण २० हजार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. (बारा राज्यांच्या त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हा आकडा आपण उसना घेतो आहोत.) म्हणजे केंद्रामागे दोन हजारांवर माणसं. सगळी काही येणार नाहीत. समजा, वर्षाला अडीचशे जण आले आणि प्रत्येकाशी अर्ध्या अर्ध्या तासाच्या सहा बैठका झाल्या, तर साडेसातशे तास लागतील. दिवसाला सहा तास आणि वर्षाला अडीचशे दिवस काम धरलं तर एका पूर्णवेळ समुपदेशकाचा हा निम्मा वेळ झाला. उरलेला निम्मा गृहभेटी, फोन आणि नोंदी यांना.

या माणसाला महिना २० हजार रुपये मानधन धरलं (हा आकडा आम्ही हिशेबापुरता घेतला आहे), तर वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. ३० हजार लोकांत वाटले तर माणशी वर्षाला ८ रुपये. आज जिल्ह्याच्या सगळ्या कार्यक्रमाला मिळून सव्वातीन रुपये मिळतात, हे वर आलंच आहे. मागायचंच असेल तर हे आठ रुपये मागा.

डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या माणसाने समुपदेशन केलं तर चालतं का? त्याला पैसे देणं योग्य आहे का?

चालतं, आणि हे बाहेरच्या देशात नाही, गोव्यात सिद्ध झालं आहे.

१९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने ‘मानस’ नावाची मोठी चाचणी केली. २०१० साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. २४ दवाखाने घेतले होते, निम्मे सरकारी आणि निम्मे खाजगी. काही ठिकाणी स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना नेमलं, डॉक्टरांशी त्यांची जोडी लावली आणि मागे मानसोपचारतज्ज्ञाचा आधार ठेवला. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी अशी सेवा मिळालेले ६५.९ टक्के रुग्ण बरे झालेले दिसले. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ४२.५ टक्के होतं.

खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. याचं एक पटण्यासारखं कारण सांगितलं जातं. आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर मुळातच दोन शब्द जास्त बोलतो, घरचं विचारतो, त्यामुळे तिथे आधीपासूनच लोक बरे होत होते. आम्हाला तर या निष्कर्षातला हाच भाग सगळ्यात बोलका वाटतो.

पैशाचा हिशेबही नंतर मांडला गेला. सरकारी दवाखान्यांत समुपदेशक नेमल्याने फायदा जास्त झाला आणि रुग्णाच्या हेलपाट्यांचा वेळ धरला तर एकूण खर्च कमी झाला. ‘आधी पैसे द्या, मग बघू’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवायचा कागद हाच.

त्याच चमूने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचं समुपदेशन तपासलं, त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण त्यातून बाहेर आलेले होते. ज्यांना ही सेवा मिळाली नाही त्यांच्यात ३९ टक्के. हे समुपदेशकही गावातलेच होते.

एक अट मात्र न विसरता. या सगळ्या ठिकाणी समुपदेशकांवर नियमित देखरेख होती, दर आठवड्याला चर्चा होत होती. देखरेखीचा खर्च कापून फक्त माणूस नेमला, तर गोव्याचा दाखला तुमच्या कामाला लागू होत नाही.

विदर्भ-मराठवाड्यात काही झालं आहे का?

झालं आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशांनी घरोघरी जाऊन ताणाखाली असलेली माणसं ओळखायची, १०४ वर फोनवरून बोलायची सोय, आणि वर उपचार. आशाने माणूस ओळखून पुढे पाठवायचा ही कल्पना तेव्हापासून यंत्रणेच्या अंगवळणी पडली, हे त्याचं श्रेय.

दुसरं काम अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत टाटा ट्रस्ट्सच्या पैशातून झालं. त्याचं नाव ‘विश्राम’. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते, लोकांच्या भाषेत बोलणं, आणि गरज पडली तर डॉक्टर. दीड वर्षात नैराश्य असलेल्या माणसांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पण ट्रस्टचा पैसा मुदतीचा असतो. मुदत संपल्यावर ते काम सरकारच्या कुठल्या लेखाशीर्षात बसवायचं, हा प्रश्न अशा प्रत्येक चांगल्या प्रकल्पापुढे येतो. तो शेवटच्या वर्षात विचारला तर उशीर झालेला असतो.

आशा ताईंना याचे वेगळे पैसे मिळतात का?

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासणारी प्रश्नावली) त्या भरतात, त्यात नैराश्याचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, आणि उदास किंवा निराश वाटलं का. दोन्हींचे गुण मिळून तीनपेक्षा जास्त झाले तर पुढे पाठवायचं. या अख्ख्या फॉर्मचे केंद्र सरकारच्या निकषाप्रमाणे दहा रुपये मिळतात. त्यात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कर्करोग आहे, चुलीचा धूरही आहे. दोन प्रश्नांच्या वाट्याला किती पैसे आले ते तुम्हीच काढा. मग ते प्रश्न न विचारताच शून्यावर खूण झाली, तर दोष फक्त आशांवर ढकलू नका.

आणखी एक. हा फॉर्म तिशीनंतरचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत आत्महत्या केलेल्यांत सगळ्यात मोठा गट १८ ते ३० वयाचा असतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सगळ्यात जास्त. पंचविशीतला मुलगा आशाच्या या तपासणीत येतच नाही.

कायद्याने सरकारवर काही बंधन आहे का?

आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याचं कलम १८ उघडून बघा. परवडणारी, चांगल्या दर्जाची सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि प्राथमिक पातळीपासून वरपर्यंत सर्वसाधारण आरोग्यसेवेत मानसिक आरोग्यसेवा मिसळायची आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. जिल्ह्यात किमान सेवा सरकारने दिली नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, अशीही तरतूद आहे. ती वापरून पैसे मिळवलेला माणूस आमच्या तरी पाहण्यात नाही.

बारीक अक्षरात एक मेख आहे. अत्यावश्यक यादीतली औषधं कायम मोफत ठेवण्याची सक्ती ‘सामुदायिक आरोग्य केंद्र आणि वर’ अशी आहे. म्हणजे आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयापासून. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या नसल्या तर या कलमाचा आधार तोकडा पडतो, तिथे केंद्राच्या औषध यादीवरच भांडावं लागतं. औषधं तशी महाग नाहीत. नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन किंवा अॅमिट्रिप्टिलिन कधीच पेटंटमधून बाहेर पडली आहेत. अडतं ते खरेदीच्या मागणीत: केंद्राने मागितलीच नाहीत तर येणार कशी, आणि आधी खपली नाहीत म्हणून मागितली नाहीत.

महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा विम्यातून हा खर्च निघेल का?

रुग्णालयात दाखल झालात तर काही प्रमाणात निघेल. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत मानसिक आजारांची पॅकेजेस आहेत, आणि खाजगी विमा कंपन्यांनाही शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजाराला संरक्षण देणं कायद्याने बंधनकारक आहे. पण हे सगळं खाटेचं गणित. ओपीडी, समुपदेशन, महिन्याच्या गोळ्या यांत बसत नाहीत. नैराश्याच्या शंभरातल्या बहुतेक रुग्णांना खाट लागतच नाही. माणूस कोलमडून दाखल होईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, असा हा सरळ अर्थ झाला.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत झाले, हे मात्र रुग्णाच्या दृष्टीने खरंच उपयोगाचं आहे.

दारू, तंबाखू, गांजा हे याच पैशात येतं का?

तपासणी आणि प्राथमिक सल्ला येतो. व्यसनमुक्ती केंद्रांचा पैसा मात्र सामाजिक न्याय खात्याकडून येतो, आरोग्य खात्याकडून नाही. तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम आणखी वेगळा. एकाच माणसाला दारू आणि नैराश्य दोन्ही असतात, खाती मात्र दोन. नवरा एका खात्याकडे, त्याच्या मारहाणीने खचलेली बायको दुसऱ्या खात्याकडे.

आमच्या केंद्राच्या हातात काही आहे का?

थोडं आहे, आणि ते वापरलं जात नाही.

रुग्ण कल्याण समिती, देखभाल आणि मुक्त निधी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्राला अभियानाच्या निकषाप्रमाणे वर्षाला १ लाख ७५ हजारांपर्यंत मिळू शकतात. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्राला ५० हजार. यातून कुणाचा कायमचा पगार काढता येत नाही, पण एका खोलीला दार आणि पडदा बसवता येतो. हसू नका. समुपदेशन औषध वाटपाच्या खिडकीशेजारी होत असेल, तर कुठलीही बाई घरातलं बोलणार नाही. आमच्या मते पहिला खर्च दाराचा.

मग असलेल्या माणसांकडे बघा. ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीचे समुपदेशक असतात, किशोरवयीनांसाठीचे असतात, असंसर्गजन्य आजारांचेही असतात. प्रत्येकाचा पगार वेगळ्या कार्यक्रमातून, म्हणून प्रत्येकजण आपल्याच रजिस्टरापुरता. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ठरवलं आणि वरून लेखी परवानगी घेतली, तर आठवड्यातले दोन अर्धे दिवस त्यांना केंद्रात आणता येतील. परवानगी लेखीच घ्या, नाहीतर तपासणीत त्या बिचाऱ्याच्या गळ्याशी येतं.

मोठ्या रकमेसाठी जिल्हा नियोजन समिती आणि जिल्हा परिषदेचा सेस फंड, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचा निधी. समितीकडे बहुतेक सगळे इमारत मागतात, कारण इमारतीचं उद्घाटन होतं. तुम्ही ‘तीन तालुक्यांत प्रायोगिक समुपदेशक’ मागत असाल, तर प्रस्तावाबरोबर गोव्याच्या खर्चाचा हिशेब जोडा, आणि डीएचओ व सिव्हिल सर्जन दोघांची सही आधी मिळवा. दुसरी सही मिळवणं हेच अर्धं काम.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा घ्यावा का?

घ्या, पण कशासाठी ते ठरवून घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि आरोग्यसेवा त्या यादीत आहे. कंपनी चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षंच ओढू शकते. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते.

तेव्हा हा पैसा कायमच्या पगाराला लावू नका. प्रशिक्षण, देखरेख, पहिल्या दोन वर्षांची मांडणी आणि मोजमाप यांना लावा. पगाराची ओळ पहिल्याच वर्षी पीआयपीत मागायला सुरुवात करा. नामंजूर झाली तरी दरवर्षी मागा, म्हणजे कागदावर माग राहतो. देणगीदार ‘किती लोकांपर्यंत पोचलात’ विचारतील, तेव्हा तुम्ही ‘किती जण चौथ्या बैठकीला आले’ हे सांगा. आकडा लहान असेल, खरा असेल.

आता टेलिमानस आहे ना? मग गावात माणूस कशाला?

१० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस सुरू झाली. १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. रात्री दोन वाजता कुणी तरी फोन उचलतं, ही लहान गोष्ट नाही. केंद्राच्या भिंतीवर हा नंबर मोठ्या अक्षरात असायलाच हवा.

पण फोनवरच्या ताईने ‘जवळच्या केंद्रात जा’ म्हटलं आणि तिथे ओपीडीत तीच रांग असेल, तर? घरात एकच मोबाइल, तोही नवऱ्याच्या खिशात, हेही आहेच. फोनसेवा पुढे पाठवते ते कुठे, हे आधी बांधायला हवं.

अमेरिकेतला माझा भाऊ सांगतो, तिकडे फॅमिली डॉक्टरकडेच हे सगळं होतं. तिथे पैसे कसे देतात?

सगळीकडे होत नाही, पण एक पद्धत शिकण्यासारखी आहे. तिथे फॅमिली डॉक्टर, त्याच्याच दवाखान्यात बसणारा सेवा समन्वयक आणि लांबून सल्ला देणारा मानसोपचारतज्ज्ञ असं त्रिकूट काम करतं. वयस्क रुग्णांवरची त्याची मोठी चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. पद्धत चालते हे सिद्ध होऊनही दवाखाने ती सुरू करत नव्हते, कारण समन्वयकाच्या वेळेचं बिलच लावता येत नव्हतं. २०१७ पासून मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, त्या त्या महिन्यात समन्वयकाने दिलेल्या मिनिटांवर पैसे द्यायला सुरुवात केली. रुग्णाला समोर न बघता त्याच्या नोंदी तपासणाऱ्या तज्ज्ञाचा वेळही त्यातच धरला जातो. म्हणजे पुरावा आल्यावरही पंधरा वर्षं वाट बघावी लागली, ती फक्त बिलाच्या एका ओळीसाठी. आपल्याकडे गोव्याचा पुरावा २०१० चा आहे.

आमच्या जिल्ह्याला किती मंजूर झाले आणि किती खर्च झाले, हे कसं कळेल?

राज्याचा आरओपी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या संकेतस्थळावर जाहीर असतो. त्यात मानसिक आरोग्याच्या ओळी शोधा. जिल्ह्याचा आकडा तिथे दिसला नाही तर जिल्हा रुग्णालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज द्या. विचारायचं एवढंच: गेल्या तीन वर्षांत डीएमएचपीसाठी मागणी किती, मंजुरी किती, खर्च किती, कुठली पदं किती महिने रिकामी, आणि चमूने कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कुठल्या तारखांना भेट दिली. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. तारखा आल्या की तुमच्या केंद्राच्या ओपीडी रजिस्टरशी ताडून बघा.